चंद्रावर गेलेली पालखी

आबा, चंद्राचं ते चित्र मी परवा पुन्हा पाहिलं. आता यापुढे ते कुणालाच पाहायला मिळणार नाही. आमच्या शिनेमा कंपनीच्या मागच्या शेडमध्ये मुक्या चित्रांचे डबे कधीचे पडून होते. पडद्यावरची माणसं बोलायला-गायला लागल्यापासून त्या डब्यांना कुत्रं विचारत नाही, आणि फितीवर जी थोडी चांदी असते ती काढून घेणारा एक व्यापारी आमच्या शेटजींना भेटला. डबे हातगाडीवर चढत होते तेव्हा यंत्र चालवणाऱ्या आमच्या माणसाने एकावरची चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, ‘‘चला, जाता जाता चंद्रावर जाऊन येऊ.’’ जेवणाच्या सुटीत खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि आम्ही कामावरची माणसं भाकरीची फडकी सोडून ते बघायला बसलो. तू हे पूर्वी पाहिलंयस का, असं मला कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून काही बोललो नाही.

मी मुंबईत चित्रांसाठी राजवाडे बांधतो, हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार. तुम्ही गेलात तेव्हा मी आपल्या पडवीत रंधा मारत होतो. आता मी फळ्या आणि गोणपाट घेऊन महाल उभा करतो. पुढून बघाल तर संगमरवर, मागून बघाल तर नुसते टेकू. तुम्ही एकदा येऊन मागच्या बाजूला गेला असतात आणि विचारलं असतंत, ‘‘ही बाजू कोन करनार रे?’’ कुणी नाही आबा. ही बाजू कुणी करत नाही, आणि न केल्याचे पैसे मिळतात. पण या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर एक झालं. चित्र चांगलं कुठे आणि फसलंय कुठे, हे मला बसल्या जागी कळतं. तेव्हा महाडच्या जत्रेत, शिनेमाच्या तंबूत मला फक्त तोंड लपवावंसं वाटत होतं. परवा पहिल्यांदा मी ते डोळे उघडे ठेवून पाहिलं.

चित्र वाईट आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही ते कधी मानलं नाहीत. गोष्ट अशी, की पुण्याचा एक प्रोफेसर काहीतरी रसायन शोधून काढतो, त्याच्या जोरावर विमानात बसून चंद्रावर जातो, तिथे पाण्याचा थेंब नाही म्हणून राजाची मुलगी सुकत चाललेली असते, आणि प्रोफेसर शास्त्राच्या बळावर तिथे पाऊस पाडतो. गोष्टीत काही वावगं नाही. पण पाणी नाही म्हणून राजा छाती पिटत असतो आणि त्याच्या सिंहासनाशेजारी पितळेचा तांब्या, वर फुलपात्र झाकलेलं. राजा आणि प्रोफेसर समोरासमोर उभे, तर राजाची सावली सकाळची आणि प्रोफेसरची तिसऱ्या प्रहराची. आभाळात पृथ्वी दाखवायची म्हणून भोपळ्याला रंग दिलाय, आणि देठ तसाच ठेवलाय. चंद्रावरची रयत म्हणून शेजारच्या कुडपणची माणसं उभी केली होती, त्यांना अंगभर राख फासली, डोक्यावर कागदाचे मुकुट चढवले, पण कमरेची कोयतीची आकडी सोडायला कुणी सांगितलं नाही. त्यामुळे चंद्रावरचा प्रत्येक माणूस पाठीमागे कोयती अडकवून हिंडतो. पाऊस पडतो तो झारीने, आणि झारीचं तोंड कोपऱ्यात डोकावतं. आमच्या शेडमध्ये भाकरीचे घास अडकेपर्यंत माणसं हसली. मीही हसलो. हसण्यासारखंच आहे ते.

पण चंद्र खरा आहे. तो कुणी बांधला नव्हता ना, म्हणून. कुडपणच्या वरचा आपला सडा, काळा कातळ, देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखा खड्ड्याखड्ड्यांचा, आणि चैत्रातली भाजावळ नुकती झालेली, म्हणजे मधेमधे राब भाजलेले ते काळे-पांढरे चट्टे, त्यातून अजून धूर निघतोय. आमच्या शेडमधल्या एकालाही ती जागा कुठली ते ओळखता आलं नाही. आमचा पडदे रंगवणारा, जो कुणाचंच बरं म्हणत नाही, तो म्हणाला, ‘‘हे कुणी केलंय? हे आपल्याला जमायचं नाही.’’ मी मान खाली घालून भाकरी खात होतो. मला ठाऊक होतं की यानंतर पालखी येणार.

तुम्हाला तो दिवस माझ्याहून जास्त आठवत असेल. शिमग्यात गावदेवीची पालखी नाचवताना दांडी तडकली होती, म्हणून ती आपल्या पडवीत आली होती. नवी दांडी बसवून झाली होती, तेलपाणी राहिलं होतं. तेवढ्यात ती माणसं आली. लॉरी पोलादपुरात उभी करून बैलगाडीने आणि मग पायी. वरघाटावरून येताना आंबेनळीच्या वळणांनी त्यांच्या विमानाचा चुरा केला होता. बांबू आणि कागद, ते टिकणार किती. त्यांचा पुढारी एक हडकुळा, चष्मा लावलेला माणूस होता. बाकीचे त्याला मालक म्हणत, पण मालकासारखं त्याच्या अंगावर काही नव्हतं, सदऱ्याचं कोपर फाटलेलं होतं. त्याने तो चुरा तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही दोन काड्या उचलून पाहिल्यात आणि म्हणालात, ‘‘हे दुरुस्त करायचं म्हंजे नवंच करायचं. आठ दिस तरी लागतील.’’ तो म्हणाला, लॉरी उद्या परत द्यायची आहे. मग तो आपल्या पायरीवर बसला.

पालखी त्याने मागितली नाही आबा. तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभं केल्यासारखं सांगतो, पण खरं आहे ते. त्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं. ते मोर, ती वरची कमान, चारी बाजूची नक्षी. तुम्ही त्याची नजर पाहिलीत आणि तुम्हीच विचारलंत, ‘‘हिच्यात बसून जाईल का तुमचा मानूस?’’

तो दचकलाच. म्हणाला, ‘‘ही देवाची आहे ना?’’

‘‘देव रुप्यात हाय,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘रुपं पेटाऱ्यात, पेटारा देवळात. रुपं लावली की ती पालखी. आता माझ्याकडं हाय ते लाकूड.’’

आणि यात तुम्ही खोटं काहीच बोलला नव्हता. देवीचे ते चांदीचे मुखवटे, ज्यांना आपण रुपं म्हणतो, ते लावल्याशिवाय पालखीपुढे कुणी नारळ ठेवत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पडवीत ती होती तेव्हा तिच्या दांडीवर कोपर टेकून मी तंबाखू मळली आहे. खाली कुत्री झोपायची. आई आतून एवढंच म्हणाली, ‘‘गावाला इचारा एकदा.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘गावाला काय इचारायचं? गावाला बी ठावं हाय, लाकूड ते.’’ मग ती चुलीपुढे जाऊन बसली. ती चुलीपुढे बसली की पुन्हा बोलत नसे, आणि तुम्हाला वाटायचं की पटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत आपण ती सड्याच्या कडेला नेली. कुडपणची रयत आदल्या संध्याकाळीच पैसे घेऊन राख धुवायला गेली होती. तिथे होतो ते आपण दोघे, तो चष्मेवाला, त्याचा कॅमेरावाला आणि प्रोफेसर झालेला नट. पालखी उडवायची कशी, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. त्याच्या मनात होतं की चौघांनी खालून धरून पळायचं. तुम्ही त्याच्याकडे असं पाहिलंत, जसं मी पटाशी उलटी धरली की माझ्याकडे पाहायचात. मग तुम्ही कड्याच्या टोकाच्या झाडाला वासा बांधून बाहेर काढलात, त्याला ओंडके चढवायची आपली कप्पी लावलीत, आणि कॅमेरा खालच्या टप्प्यावर न्यायला लावलात, म्हणजे त्याच्या डोळ्याला आभाळाशिवाय दुसरं काही दिसायला नको. नट पालखीत चढायला लागला तर त्याला अडवलंत. ‘‘पाय धू आधी.’’ मी लोट्याने पाणी घातलं, तुम्ही स्वतः त्याच्या टाचा घासल्यात. तो हसत होता, त्याला गुदगुल्या होत होत्या. मग तुम्ही आत कोरं फडकं अंथरलंत आणि मला म्हणालात, ‘‘दोर धर.’’ मी दोर धरला. म्हणजे पालखीला चंद्रावर नेलं ते तुम्ही आणि मी, दोघांनी. गावाने शिक्षा दिली ती एकट्या तुम्हाला.

पुढच्या माघात महाडच्या छबिन्याच्या जत्रेत ते चित्र आलं. सगळीकडच्या पालख्या आणि काठ्या महाडात जमलेल्या, आणि बाजूच्या मैदानात शिनेमाचा तंबू. आपल्या गावची माणसं तीन गाड्या जुंपून जत्रेला गेली होती. तुम्ही तंबूवरची पाटी वाचलीत आणि सगळ्यांना सांगत सुटलात, चला, आपला सडा दाखवणार हायत. दिवेलागणीच्या खेळाला अख्खं गाव पुढे जमिनीवर बसलं. मागे बाकांवर महाडची मंडळी, वकील, मास्तर, दुकानदार. पडद्याशेजारी एकजण उभा राहून पाट्या वाचून दाखवत होता, पेटी-तबला चालू होता. आधी काय मजा चालली होती. ‘‘ती बघ आपली तळी.’’ ‘‘अरे, तो कुडपणचा म्हातारा, चंद्रावर बी खोकतोय.’’ ‘‘कोयती बघ रे त्याची, चंद्रावर काय तोडनार हाय हा?’’ तुम्ही माझ्या शेजारी बसून वाट पाहत होतात, पाटावर बसून पुरणपोळीची वाट पाहावी तसे.

आणि पालखी आली. आभाळातून, कुणी न धरता, हळूहळू. कमानीखाली तो नट गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, डोळ्यांना दुर्बीण लावून. बाकांवरची माणसं टाळ्या पिटायला लागली. त्यांना ते विमान होतं. आपलं गाव मात्र गप्प झालं. असं गप्प मी गाव कधी पाहिलं नव्हतं, प्रेताच्या घरीसुद्धा कुणीतरी खाकरतं. त्यांनी मोर ओळखले होते. जिथे रुपं ठेवतात तिथे एका माणसाचं ढुंगण टेकलेलं त्यांना दिसत होतं. त्याचे पाय धुतले होते, ते पडद्यावर कुठून दिसणार? पुढे तो नट उतरताना अडखळला आणि त्याने मोराच्या डोक्यावर पाय दिला, तेव्हा बाकांवर हशा पिकला. आपल्या पुढे पालखीच्या पहिल्या खांद्याचे मानकरी बसले होते. त्यांनी मागे वळून तुमच्याकडे पाहिलं. रागाने नाही. ओळख पटवावी तसं पाहिलं, आणि पुन्हा पुढे तोंड केलं.

हे मी तुम्हाला सांगायची गरज नव्हती, तुम्ही तिथेच होतात, असं कुणीही म्हणेल. पण तुम्ही तिथे नव्हतात आबा. तुम्ही त्या कप्पीपाशी होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सावित्रीच्या काठाने गाड्या परत निघाल्या, आपल्या गाडीत मानकरी, त्यांचा भाऊ, आई, तुम्ही आणि मी. बैलांच्या घुंगरांशिवाय आवाज नव्हता. आणि तुम्ही सुरू झालात. ‘‘चंद्र बरा केलाय,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘सावल्या चुकल्या जरा.’’ तुम्ही पुढे चालूच होतात. ‘‘पयल्यांदा येते ती झकास येते. दुसऱ्यांदा येते ना, तवा दोर दिसतो. दिसला का कुनाला?’’ मी तुमच्या पायाला पाय लावला. तुम्ही पाय बाजूला घेतलात, जागा हवी असेल मला म्हणून. आणि थेट मानकऱ्यांना विचारलंत, ‘‘तुमाला दिसला का वो दोर?’’

मानकरी म्हणाले, ‘‘दिसला.’’

‘‘बघ,’’ तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात. ‘‘दिसतोच तो.’’

गाडीतून उडी मारून नदीत जावं असं मला वाटलं. पोलादपूर येईपर्यंत तुम्ही त्या चित्राचे गुण-दोष सांगत होतात. झारीचं सांगितलंत, तांब्याचं सांगितलंत, भोपळ्याचा देठ तुमच्या नजरेतून सुटला नव्हता. जे जे मला परवा दिसलं ते सगळं तुम्ही तेव्हाच त्या गाडीत सांगितलं होतंत, एकदाच पाहून. पण आपल्या देवीची पालखी दिसली, हे एकदाही तुमच्या तोंडून निघालं नाही. शेवटी आई म्हणाली, ‘‘तुमाला लाज नाय वाटत?’’ तुम्ही खरोखर बुचकळ्यात पडलात. ‘‘कशाची गो?’’ असं विचारलंत. त्या क्षणी मला तुमची इतकी लाज वाटली, की असा बाप नसता तर बरं, इथपर्यंत माझं मन गेलं. मी विशीतला बाप्या होतो, लग्नाची बोलणी चालली होती. कळत नव्हतं म्हणायलाही जागा नाही.

शिमग्याआधी देवळात गावकी बसली. मुद्दा एकच होता. पालखी दरवर्षी गावातल्या प्रत्येक दारात जाते, यंदा ती सुताराच्या दारात जाणार की नाही. गाव काही दुष्ट नव्हतं आबा. सगळ्यांना ती यावीच असं वाटत होतं. मानकरी आदल्या दिवशी आपल्या घरी येऊन मला बाजूला घेऊन गेले आणि म्हणाले, ‘‘बापाला सांग, हात जोड, चुकलो म्हन, बस. पुढं मी बघतो.’’ मी सांगितलं. आईने सांगितलं. आणि तुम्ही अगदी शहाण्यासारखे उभे राहिलात, हात जोडलेत, ‘‘चुकलो’’ म्हणालात. मला वाटलं, सुटलो. मानकऱ्यांच्या तोंडावरही हसू आलं. मग कुणीतरी, उगाच रीत म्हणून, विचारलं, ‘‘पुन्यांदा असं व्हायचं नाय ना?’’

‘‘नाय,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘पुन्यांदा काथ्याचा दोर नाय घेनार. दिसतो तो.’’

तुम्ही थट्टा करत नव्हता. तुम्हाला थट्टा कधी जमलीच नाही. दोन गोष्टी तुमच्या डोक्यात शेजारीशेजारी राहू शकत नसत, एवढंच. तिथे कप्पी आणि दोर बसले होते, गावकीला जागा उरली नव्हती. पण हे गावाला कोण समजावणार? मला समजावता आलं असतं का? मी पायाच्या अंगठ्याने देवळाची जमीन उकरत उभा होतो. मानकरी उठले. ते उठले तसे सगळे उठले.

त्या शिमग्याला आईने अंगण सारवलं, रांगोळी काढली, तबकात कुंकू-हळद, नारळ, सगळं मांडलं. मी म्हटलं, आई, कशाला? ती म्हणाली, ‘‘येईल.’’ ढोल जवळ आले. शेजारच्या अंगणात पालखी नाचली, ओटी भरली गेली. मग ती आपल्या अंगणाकडे यायच्या ऐवजी बांधावरून खाली उतरली आणि शेतातून पलीकडच्या घरी गेली. पालखी शेतातून गेलेली मी जन्मात पाहिली नव्हती. आपलं अंगण चुकवायचं म्हणून चार बाप्ये ढेकळांतून ठेचकाळत चालले होते. आई तबक घेऊन उभी होती ती ढोल ऐकू येईनासे झाले तरी उभी होती. आणि तुम्ही दारातून बघत म्हणालात, ‘‘दांडी मस्त बसलीय. एवढ्या ढेकळात बी कुरकुरली नाय.’’ आईने तबक खाली ठेवलं आणि आत गेली. मी तुमच्याशी आठवडाभर बोललो नाही. तुम्हाला ते कळलं की नाही कोण जाणे, कारण तुम्ही बोलत होतात.

दुसऱ्या वर्षी गावकीला तुम्ही गेलातच नाहीत. आई म्हणाली, जा. तुम्ही म्हणालात, ‘‘मागल्या येळी खरं सांगितलं तर रागावले. आता काय खोटं सांगू?’’ म्हणजे तोवर तुम्हाला थोडं कळलं होतं. त्या वर्षी पालखी शेतातून उतरली तेव्हा तुम्ही दारात उभे राहिला नाहीत, मागच्या बाजूला लाकडं रचत बसलात, रचलेलीच पुन्हा रचत. मी पाहिलं. त्या वेळी मात्र मला तुमची लाज वाटली नाही. पण त्या वेळी मी तुमच्यापाशी येऊन बसलोही नाही. श्रावणात तुम्हाला ताप भरला आणि पोळ्याच्या आत सगळं संपलं. गाव खांद्याला आलं. मानकरी पहिले आले.

परवा शेडमध्ये पालखी आली तेव्हा आमची माणसं हसायची थांबली, हे तुम्हाला सांगायचं आहे. पहिल्यांदा ती येते तो तुकडा, पाण्यातून वर तरंगत यावं तशी, मागे नुसतं कोरं आभाळ. आज आमच्याकडे मोठाले दिवे आहेत, परदेशी यंत्रं आहेत, पण मी ज्या चित्रांवर काम केलं त्यात असं उडालेलं काही नाही. यंत्रावरच्या माणसाने चित्र थांबवलं, मागे घेतलं, पुन्हा दाखवलं. मग दुसरा तुकडा आला आणि तो म्हणाला, ‘‘इथे दोर दिसतोय.’’ मी म्हणालो, ‘‘काथ्याचा आहे. माझ्या वडलांनी बांधला होता.’’ सगळे माझ्याकडे वळले. आता पालखीचं विचारतील, देवाचं विचारतील, असं वाटून माझे कान तापले. पण पडदे रंगवणाऱ्याने विचारलं, ‘‘कप्पी कुठे लावली होती?’’

आबा, तुम्ही असतात तर त्या माणसाला जेवायला घेऊन गेला असतात. मी जमिनीवर खडूने काढून दाखवलं, झाड कुठे, वासा कुठे, कॅमेरा किती खाली. सगळे उकिडवे बसून बघत होते. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की मी तुमच्यासारखाच बोलतोय. तेच हातवारे, तोच तो सूर, ‘पयल्यांदा येते ती झकास येते’ हेसुद्धा मी तसंच्या तसं म्हणालो. सुटी संपली, डबे हातगाडीवर गेले. त्या व्यापाऱ्याला चांदी मिळाली असेल थोडीशी.

हे पत्र पोस्टात पडायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकतो. तुमचं वर्षश्राद्ध झालं, आणि त्यानंतरच्या शिमग्याला पालखी आपल्या दारात आली. कुणी गावकी बसवली नाही, कुणी काही विचारलं नाही. ज्याचं चुकलं होतं तो राहिला नाही, तेव्हा प्रश्नच मिटला, असंच सगळ्यांनी धरलं. शेजारच्या अंगणातून ती सरळ वाटेने आली. आईने ओवाळलं. मानकऱ्यांनी मला हाक मारली, ‘‘ये रे, खांदा दे.’’ मी पुढे झालो, खांदा दिला, ढोल वाजायला लागले आणि आपल्या अंगणात पालखी नाचली. तुम्ही असतात तर ती आली नसती, हे मला त्या वेळी पक्कं ठाऊक होतं. नाचताना क्षणभरही मी ते विसरलो नव्हतो. आणि तरी मला फार बरं वाटलं, आबा.